तुम्ही विचारलंत म्हणून: मातीतली ‘तहान’

“कवितेतला शब्द उचलून त्याची वस्तू कशी करता? आणि तो पडत कसा नाही?” असं मला नेहमी विचारतात. ‘तहान’ हा शब्द घेऊन सांगते.

रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात. स्कॉटलंडचा कवी इयन हॅमिल्टन फिन्ले आपल्या बागेसाठी शब्द दगडात कोरून घ्यायचा. कोरलेल्या शब्दाला तोलाची काळजी नसते. सुटा मराठी शब्द करायचा तर शिरोरेषा हीच तुळई.

‘तहान’मध्ये तीन दंड, म्हणजे उभ्या रेषा, आहेत: त चा, काना आणि न चा. ते एका रेषेत आले की शब्द पुढे किंवा मागे कलंडतो. म्हणून शिरोरेषेला पुढे-मागे असा धनुष्यासारखा बाक द्यायचा, ५० सेंटिमीटरच्या शब्दाला मधोमध १५ सेंटिमीटर. तीन दंडांची तिवई होते. ह ला दंडच नाही, तो एका मानेवर लोंबतो. ती मान बाकीच्यांपेक्षा जाड हवी.

सोलापूरची काळी माती एकटी वापरू नका. सुकताना ती भेगाळते, शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि भाजून झाल्यावर काही दिवसांनी अक्षराचा टवका उडतो. तळ्यातला गाळ घ्यायचा, तोही पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळून. सहा पाट्या गाळाला एक पाटी खापराची भुकटी आणि अर्धी पाटी चाळलेली लीद. खापरामुळे तडे कमी जातात. लीद जळून जाते, तिच्या जागी छिद्रं राहतात आणि शब्द माठासारखा पाझरतो. मला हा शब्द मातीतच हवा असतो, तो यासाठीच.

अक्षरं पोकळ करायची. ३२ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला वर्तमानपत्र गुंडाळून त्यावर ८ मिलिमीटर जाडीची मातीची पोळी लपेटायची. पाइप तासाभरात काढायचाच. माती आकसू लागली की पाइपवरच फाटते. सांधे खरवडून पातळ मातीनं जोडायचे. सुकून-भाजून ५० चा शब्द साधारण ४५ चा होतो.

खरी कसोटी सुकवण्यात. वैशाखाच्या कोरड्या वाऱ्यात त चं टोक आधी वाळतं, शिरोरेषेचा सांधा ओलाच राहतो आणि त्या ओढाताणीत सांधा उकलतो. टोकांना ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिक, सांधे उघडे, बारा-पंधरा दिवस सावलीत. जमलं तर हे काम श्रावणातच करावं. भट्टीतही पहिले पाच-सहा तास मंद धग द्यायची, नाहीतर आतल्या वाफेनं नळी फुटते.

पाणी भरायचं तोंड शिरोरेषेच्या टोकाला. त आणि न चे हात दंडाकडे किंचित चढते ठेवायचे, म्हणजे हवा अडकत नाही. ह च्या वळणांत मात्र ती अडकतेच. म्हणून ह ची नळी मानेशी बंद करायची आणि भट्टीतल्या वाफेसाठी पाठीला सुईएवढं भोक ठेवायचं.

पाणी भरलं की हळूहळू त, काना आणि न गडद होतात. ह तेवढा फिकट. ओल मानेतून थोडी खाली उतरते आणि दुपारच्या उन्हात तिथेच अडते.