एमआरआय नॉर्मल आला तरी

फिट येणाऱ्या माणसाचा एमआरआय नॉर्मल आला की घरच्यांना हायसं वाटतं, ते साहजिकच आहे, पण मग हळूहळू सुरू होतं की मेंदूत काही नाहीये ना, मग ही इतकी विसरते कशी, लक्ष कुठे असतं हिचं. माझ्या बहिणीने हे वर्षानुवर्षं ऐकलंय.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, गाठ, व्रण, आक्रसलेला हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित भाग) वगैरे. मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेत ते बघायला वेगळे स्कॅन लागतात. फंक्शनल एमआरआयमध्ये माणूस नुसता पडून असला तरी रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारावरून कुठले भाग एका तालात काम करतायत ते कळतं, आणि डीटीआयमध्ये पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने सरकतात त्यावरून आतल्या तंतूंच्या वाटांचा अंदाज येतो.

यातून जे दिसलंय ते मला फार महत्त्वाचं वाटतं. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाच्या एपिलेप्सीत (फिटच्या आजारात) फिटची सुरुवात बऱ्याचदा एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसजवळ होते, पण जोडण्यांमधले बदल मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसपर्यंत, अगदी दुसऱ्या बाजूलाही सापडतात, आणि तेही फिट नसताना! २०१८ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने २,१४९ रुग्णांचे स्कॅन एकत्र तपासले, तर एपिलेप्सीचे प्रकार वेगवेगळे असूनही उजवा थॅलॅमस सरासरीने लहान निघाला. लहान मुलं अॅब्सेन्स फिटमध्ये काही सेकंद शून्यात बघत राहतात ना, तेव्हा ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) आणि फंक्शनल एमआरआय एकत्र केले की थॅलॅमसचं काम वाढलेलं आणि डिफॉल्ट मोड नेटवर्कचं कमी झालेलं दिसतं, म्हणजे आपण स्वतःच्या विचारात असताना जे जाळं चालू असतं तेच मंदावतं. त्या मुलाला 'लक्ष दे' म्हणून ओरडून काय होणार?

आता हे सगळं बहुतेक गटांच्या सरासरीवरून कळलेलं आहे, एका माणसाचा स्कॅन बघून त्याची स्मरणशक्ती सांगता येत नाही, आणि यातलं किती मूळ आजारामुळे, किती वारंवार येणाऱ्या फिट्समुळे आणि किती औषधांमुळे हे वेगळं काढणंही अवघड असतं. म्हणून विसरणं वाढलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट (स्मरणशक्ती, लक्ष वगैरेची चाचणी) करता येईल का विचारा. फिटवरच्या टोपिरामेटसारख्या औषधाने शब्द पटकन न सुचणं होऊ शकतं, तेही बोला, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका, त्याने फिट्स वाढू शकतात.