निळा रंग आला म्हणजे सेन्सर झाला असं नाही

लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण पेरॉक्सिडेजसारखं (पेरॉक्साइड वापरून दुसऱ्या पदार्थाचं ऑक्सिडेशन करणाऱ्या एन्झाइमसारखं) काम करतात, हे 2007 मध्ये चीनमधल्या गटाने दाखवलं आणि ग्लुकोज मोजायची एक स्वस्त वाट उघडली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, त्या पेरॉक्साइडने कणांच्या पृष्ठभागावर टीएमबी हे रंगहीन रसायन निळं होतं. कागदावर सोपं. खरी अडचण पीएचची, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी याची: कणांना 3.5 ते 4 लागतो, तर एन्झाइम साधारण 5.5 ते 7 मध्ये नीट चालतं. म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी उरकायचा मोह टाळा.

100 मायक्रोलिटर नमुना आणि तेवढंच ग्लुकोज ऑक्सिडेज (1 मिग्रॅ प्रति मिली, 10 मिलिमोलर अ‍ॅसिटेट बफर, म्हणजे पीएच टिकवणारं द्रावण, पीएच 5.5) 37 अंशांवर 30 मिनिटं ठेवा. मग 700 मायक्रोलिटर 0.2 मोलर अ‍ॅसिटेट (पीएच 4), 50 मायक्रोलिटर कण (1 मिग्रॅ प्रति मिली, वापरण्याआधी सोनिकेट केलेले, म्हणजे ध्वनिलहरींनी सुटे केलेले) आणि 50 मायक्रोलिटर 10 मिलिमोलर टीएमबी घाला. टीएमबी डीएमएसओ या द्रावकातच विरघळवा, पाण्यात ते नीट विरघळत नाही. 40 अंशांवर 20 मिनिटांनी चुंबकाने कण बाजूला ओढा आणि निवळ द्रावण 652 नॅनोमीटरला वाचा, म्हणजे त्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला जातो ते मोजा. कण तसेच राहिले तर ते प्रकाश विखुरतात आणि वाचन फुगतं. सल्फ्युरिक आम्ल घालून 450 ला वाचणार असाल तरी आधी चुंबक, मग आम्ल. नाहीतर कणांचं लोह विरघळतं.

फॉस्फेट बफर मी मुद्दाम टाळलाय. फॉस्फेट लोह ऑक्साइडला घट्ट चिकटतं, सक्रिय जागा अडतात आणि रंग फिका पडतो. हे लक्षात न आल्याने लोक कणांनाच दोष देतात.

पाण्यात ग्लुकोजची अल्फा आणि बीटा रूपं हळूहळू एकमेकांत बदलून समतोलाला येतात आणि ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त बीटा रूप पकडतं, त्यामुळे स्टँडर्ड (माहीत मात्रेच्या ग्लुकोजचं) द्रावण रात्रभर ठेवून मगच वापरा. एन्झाइम कमी शुद्ध असेल तर त्यातलं कॅटालेज हे दुसरं एन्झाइम पेरॉक्साइड खाऊन टाकतं; ही चूक शोधायला फार वेळ जातो, तेव्हा बाटलीवरचा तपशील आधी वाचा.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे प्रयोग, तीन हवेतच. कणांशिवाय एक. ग्लुकोजशिवाय एक, म्हणजे नुसत्या विरघळलेल्या ऑक्सिजनने टीएमबी किती निळं होतं ते कळतं. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: कण बफरमध्ये तेवढाच वेळ ठेवून चुंबकाने काढा आणि उरलेल्या पाण्यात थोडं पेरॉक्साइड व टीएमबी घाला. तिथेही तितकाच रंग आला तर काम कण करत नाहीत, सुटलेलं लोह करतंय.

रक्तद्रव किंवा फळांच्या रसात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल निळा रंग परत घालवतं, शिवाय प्रथिनं कणांवर थर चढवतात. अशा नमुन्यात बफरमधल्या स्टँडर्डवरून काढलेला आलेख चालत नाही. नमुना पातळ करा, त्याच नमुन्याच्या भागांत माहीत मात्रेचं ग्लुकोज टाकून वाढ बघा. टाकलेल्यापैकी किती परत मिळालं हा आकडा मला शोध-मर्यादेपेक्षा (ओळखता येणाऱ्या सगळ्यात कमी मात्रेपेक्षा) जास्त विश्वासाचा वाटतो.