निक्षय मित्र होताना : एका यादीसाठी ७ आठवडे

क्षयरुग्णांना पोषक आहारासाठी मदत करणाऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला ‘निक्षय मित्र’ म्हणतात. आमच्या कारखान्यातील कामगारांनी आणि व्यवस्थापनाने मिळून असे मित्र होऊन तालुक्यातील १० क्षयरुग्णांना ६ महिने शिधा पुरवायचे ठरवले, तेव्हा पैसे उभे करणेच अवघड जाईल असे मला वाटले होते. पैसे एका पगारात जमले आणि संकेतस्थळावरची नोंदणीही एका दुपारीच उरकली. रुग्णांची यादी हातात पडायला मात्र ७ आठवडे लागले आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियानात, ज्यातून ही मदत दिली जाते, रुग्णाची संमती नोंदवल्याशिवाय त्याचे नाव मित्राला कळवत नाहीत. हा नियम मला पूर्ण मान्य आहे, कारण क्षयरोग म्हटले की रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवणारी घरे आजही आहेत. आमचे घोडे अडले ते संमतीच्या नोंदीपाशी. कार्यालयात सांगत, संमतीपत्रे आरोग्य केंद्राकडून यायची आहेत. केंद्रात विचारावे, तर ती पाठवून पंधरवडा झालेला असे. तिसऱ्या फेरीला नोंद करणारे कर्मचारी प्रशिक्षणाला गेले होते. चौथ्या फेरीला माझ्यासमोर फाइल उघडली गेली. तिच्यात २२ संमतीपत्रे होती, काहींवर निळ्या शाईचे पसरलेले अंगठे होते आणि त्यांतले एकही संगणकावर चढलेले नव्हते. रुग्णांनी केव्हाच होकार दिला होता. ज्या दिवसांत अंगावर मांस भरायला हवे, ते उपचाराचे सुरुवातीचे दिवस त्या फाइलमध्ये वाया गेले होते.

सुटका केली ती वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांनी. त्यांनी शेजारी बसून तासाभरात सगळ्या नोंदी करून घेतल्या. म्हणून माझे सांगणे आहे की कार्यालयात हेलपाटे घालण्यापूर्वी तालुक्याच्या पर्यवेक्षकांना गाठावे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्यावे आणि त्याची प्रत जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना पाठवावी.

शिध्यात प्रौढासाठी महिन्याला ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि १ किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे असतात. आम्ही घरच्यांसाठीही धान्य-डाळ वाढवली, कारण रुग्णाच्या कुटुंबाला पोषक आहार दिल्यास घरातील इतरांना क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटते, असे झारखंडमधील अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आले होते. पिशव्या गावातल्याच किराणा दुकानदाराने भरल्या आणि आशाताईंनी घरोघर पोचवल्या. कारखान्याचे नाव लावलेली गाडी रुग्णाच्या दारात कधीही उभी करू नये. रुग्णांचे छायाचित्र मागितले गेले, तेव्हा आम्ही ठाम नकार दिला.

एक गोष्ट रुग्णांना आधीच सांगायला हवी होती. शिधा घेतला तर सरकारकडून बँक खात्यात येणारे दरमहा १,००० रुपये बंद होतील, या भीतीने दोघांनी संमती नाकारली होती. हे दोन्ही लाभ वेगळे आहेत, हे आशाताईंनी समजावल्यावर त्यांनी सही केली.

दुसऱ्या तुकडीच्या वेळी आम्ही नोंदणीच्या दिवशीच पत्र दिले आणि यादी नवव्या दिवशी आली.