आपल्याच पुढच्या चाकांचा मारा

गेल्या महिन्यात ट्रक धुतला, कोरडा पुसला, खाली पुठ्ठा अंथरून त्यावर आडवी झाले आणि रंगाचा टवका उडालेल्या प्रत्येक जागेभोवती पांढऱ्या खडूने गोल काढत गेले. ड्रायव्हरच्या बाजूला ६३ गोल झाले. त्यातले ४१ पुढच्या चाकाच्या लगेच मागे, दाराच्या खालच्या वीतभर पट्ट्यात आणि त्याखालच्या सिलवर, म्हणजे दोन्ही चाकांच्या मधल्या, दाराखालच्या आडव्या पत्र्यावर. ११ मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढच्या कडेला. उरलेले इकडेतिकडे विखुरलेले.

माझा ट्रक मधमाश्यांच्या पेट्या वाहतो. फुलोरा संपला की पेट्या हलवायच्या आणि त्याही रात्री, माश्या आत आल्यावर. शेवटचे काही किलोमीटर नेहमीच कच्च्या, खडीच्या वाटेचे. इतकी वर्षं मला वाटायचं की टवके समोरच्या गाडीने उडवलेल्या खड्यांमुळे पडतात. पण त्या वाटांवर रात्री माझ्यापुढे गाडीच नसते. खडूच्या गोलांनी ते स्पष्टच दाखवलं: खालच्या पत्र्यावरचा मारा बहुतेक आपल्याच पुढच्या चाकांचा असतो.

कारण सरळ आहे. चाक फिरताना टायरचा बाहेरचा घेर गाडीच्याच वेगाने फिरत असतो. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटतो तो साधारण त्याच वेगाने मागे फेकला जातो, आणि मागे आपलंच दार असतं. खड्याच्या माऱ्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ६० ने गेलं तर मारा दुप्पट नाही, चौपट होतो. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असतील तर आणखी वाईट, कारण खड्याला मध्ये अडवायला काहीच नसतं. मीही मधे रुंद टायर टाकले होते आणि दाराचे बरेचसे टवके त्यानंतरचेच आहेत.

समोर रंग किती असतो ते पाहा. कारखान्यातून येणाऱ्या पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग, वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीची एक-दोन पानं. कंपन्या हा रंग खडीने झोडपून तपासतात. दाबाच्या हवेने १० ते १५ मिलिमीटरचे खडे नमुन्याच्या पत्र्यावर मारायचे आणि किती टवके उडाले, किती मोठे उडाले, कोणत्या थरापर्यंत गेले ते मोजायचं. शेवटची गोष्ट आपल्यालाही बघता येते, आणि मी ती सगळ्यात महत्त्वाची मानते. टवक्याच्या तळाशी राखाडी किंवा काळसर थर शाबूत दिसला तर घाई नाही. चकाकता पत्रा दिसला, किंवा तांबूस ठिपका, तर ते काम त्याच आठवड्यात करायचं.

तीन वर्षांपूर्वी मी इथेच चूक केली. सिलवर बारीक गंजाचे ठिपके होते. मी वरवर पुसून त्यावर काळं रबरासारखं अंडरकोटिंग मारून घेतलं. दिसायला एकदम भक्कम! दोन वर्षांनी एका कडेला नख लावलं तर तळहाताएवढी साल निघून आली आणि आत ओला, तपकिरी पत्रा. कोटिंगने खडे अडवले होते, पण आतली ओलही धरून ठेवली होती. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. सिल आतून पोकळ असते आणि तिच्या तळाला पाणी निघायची लहान भोकं असतात. त्यातली दोन कोटिंगने बुजली होती. पत्रा बाहेरून वाचवताना तो आतून कुजायला लागला होता. ट्रक पाहिल्यावर पेंटरकाका पहिलं वाक्य बोलले, "ताई, आधी भोकं मोकळी करा, रंगाचं मग बघू." त्या वाक्याने माझा पत्रा वाचला.

या वेळी काही विकत घेण्याआधी मी एक प्रयोग केला. कोरड्या पत्र्यावर, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, रुंद मास्किंग टेपचे उभे पट्टे लावले आणि नेहमीच्या दोन फेऱ्या केल्या. टेप जिथे फाटली, जिथे नुसती खरचटली आणि जिथे कोरी राहिली, त्याचा नकाशाच तयार झाला. (टेप चार-पाच दिवसांत काढायची, उन्हात राहिली तर गोंद पत्र्याला चिकटून बसतो.) मारा सिलपासून दारावर वीतभर उंचीपर्यंतच होता. वर जवळपास काही नाही. म्हणजे अख्खं दार झाकायची गरजच नव्हती.

सर्वात आधी मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे लोंबणारी पट्टी. माझे जुने फ्लॅप प्लॅस्टिकचे, टायरपेक्षा अरुंद आणि आखूड होते. नवे जाड, लवचीक रबराचे घेतले, टायरची पूर्ण रुंदी झाकणारे. बसवताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं आणि पेट्या लादूनही पाहिलं, कारण रिकाम्या ट्रकला न घासणारा फ्लॅप भरल्यावर टायरला घासतो. नवी भोकं पाडली नाहीत. आधीचेच बोल्ट वापरले आणि त्यांच्याभोवती रंगाचा हात दिला. फ्लॅप आणि पत्रा यांच्या फटीत चिखल साठतो, तो दर धुण्याला पाण्याने काढावाच लागतो.

नंतर सिल. जुनं कोटिंग पूर्ण खरवडलं, गंज चकाकत्या पत्र्यापर्यंत घासला, खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं रूप बदलून तो थांबवणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमर. त्यावर दोन घटक मिसळून मारायचं खरबरीत पॉलियुरेथेन कोटिंग, ट्रकच्या हौद्यात मारतात त्या जातीचं. शाबूत रंगावर ते धरायचं असेल तर क्लिअर कोटची चमक पॉलिश पेपरने पूर्ण घासून घालवावी लागते, चमक राहिली की साल सुटणारच. दाणा किती जाड येईल हे हवेच्या दाबावर आणि स्प्रे गन किती लांब धरली त्यावर ठरतं, म्हणून काकांनी आधी पुठ्ठ्यावर तीनदा मारून पाहिलं. टेपची रेघ दाराच्या मुळातल्या घडीवर धरली, त्यामुळे कोटिंग मूळचंच वाटतं. भोकांत तेवढा वेळ लाकडी काड्या घालून ठेवल्या होत्या. हे काम मी स्वतः केलं नाही. त्या कोटिंगमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फुप्फुसांना घातक आहे, तोंडाला बांधलेल्या फडक्याने ते अडत नाही. काकांकडे योग्य मास्क होता. पेट्या तर मी त्या दिवशी फार लांब हलवल्या होत्या.

सिलच्या आत नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारून घेतलं. ते पातळ असताना पत्र्याच्या जोडांत शिरतं आणि तिथेच राहतं.

दाराचा खालचा पट्टा आणि मागची कमान यांना मात्र मला खरबरीत थर नको होता. तिथे पारदर्शक संरक्षक फिल्म लावली. ती लवचीक पॉलियुरेथेनची, साधारण २०० मायक्रॉन जाड, म्हणजे सगळ्या रंगापेक्षा जाड असते. खडा आदळला की ती दबते, ऊर्जा पसरवते आणि परत येते. आधी प्रत्येक टवका भरून घेतला, नव्या रंगाला सुकायला काही आठवडे दिले, कारण कच्च्या रंगातून निघणारी वाफ फिल्मखाली बुडबुडे करते. कमानीची कड आत वळवून हीट गनने बसवली. उघडी कड पुढच्या बाजूला राहिली की खडी तिलाच आधी उचकटते.

काहींनी मला सिरॅमिक कोटिंग सुचवलं. चिखल सहज निघावा म्हणून ते छानच आहे, पण त्याचा थर एक-दोन मायक्रॉनचा. खड्यापुढे तो टिकत नाही.

फिल्मची एक कड मागच्या आठवड्यात नखाएवढी उचलली गेली. प्रेशर वॉशरचं नोझल मी फार जवळून आणि कडेच्या विरुद्ध दिशेने धरलं होतं. कड साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, गरम करून दाबली आहे, अजून तरी बसलेली आहे. क्लीनरच्या बाजूला आज सकाळी टेपचे पट्टे लावले. उद्या रात्री अठ्ठावीस पेट्या हलवायच्या आहेत, परत आल्यावर तिकडचा नकाशा बघेन.