लाल दिवा आणि बंद होणारी तक्रार

कर्वेनगरला आमच्याकडे फायबरचं नेट आहे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राउटरवर एलओएसचा लाल दिवा लागला. नेट परत यायला नऊ दिवस लागले. मी घरून काम करते, त्यामुळे ते नऊ दिवस मोबाइलच्या डेटावर कसे काढले ते माझं मला माहीत.

लाल दिवा म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच राउटरपर्यंत पोचत नाही. तारेचा दोष, राउटरचा नाही. तरी कस्टमर केअरचं दर वेळी एकच, “मॅडम, बंद करून तीस सेकंदांनी चालू करा.” चौथ्यांदा त्यांनी मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट करायला लावलं. तुम्ही अजिबात करू नका. त्याने युजरनेम, पासवर्ड, सगळं सेटिंग पुसलं गेलं.

खरा संताप पुढे आहे. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, “आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.” समोर लाल दिवा तसाच! पुन्हा फोन, नवा तक्रार क्रमांक, पुन्हा ४८ तास. तेही संपले, तक्रार पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी लाइनमनचा फोन आला, “ताई, ओटीपी सांगा, उद्या नक्की येतो.” मी सांगितला. त्याच ओटीपीने तक्रार बंद झाली आणि उद्या काही उजाडला नाही. माणूस दारात येऊन नेट चालू होईपर्यंत ओटीपी द्यायचा नाही, हे मी आता सोसायटीत सगळ्यांना सांगते.

शेवटी ट्रायच्या, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१२च्या नियमांचा उपयोग झाला. तक्रारीने काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. तिन्ही तक्रार क्रमांक आणि लाल दिव्याचे रोजचे फोटो जोडून मेल केला. दुसऱ्या दिवशी लाइनमन दारात.

त्याने तारेतून येणारा प्रकाश मोजायचा मीटर लावला, उणे ३१. उणे २७च्या खाली गेलं की राउटरला सिग्नल धड घेता येत नाही, म्हणाला. मग आम्ही गच्चीवर गेलो. टाकीवर ताडपत्री बांधताना कुणीतरी आमच्या काळ्या तारेलाच दोरी समजून कठड्यापाशी करकचून गाठ मारली होती. आत केसाएवढी काच असते, ती इतकी वळली की प्रकाश बाहेर सांडतो. त्याने तेवढा तुकडा कापला, मशीनवर जोड दिला. उणे २०. दिवा हिरवा झाला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तरी नेट सुरू नाही, त्या रीसेटमुळे. फोन करून पासवर्ड मागवण्यात आणखी पाऊण तास गेला. तुमचा पासवर्ड आजच डायरीत लिहून ठेवा.

हो, दिवा हिरवा असून फक्त आतल्या खोलीत नेट रडत असेल तर हे काही करू नका. फोन वायफायच्या ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झवर जोडून बघा, भिंतीपलीकडे तेच जास्त पोचतं.