हीच जागा

शुक्रवार, रात्री साडेनऊ

आज तोंड धुतलं. एवढंच लिहायला वही उघडली होती. दोन वर्षं उजव्या गालाला पाण्याचा हात लावला नव्हता; पदराची कड लागली तरी वीज चमकून जायची.

काल दुपारी गालातल्या कळेवरचा सुईचा उपाय झाला. टाका नाही, बँडेज नाही. ओठाच्या कोपऱ्याशेजारी टाचणी टोचल्यासारखा ठिपका, बस्स. तिथून सुई गालातून कवटीच्या तळाच्या एका लहानशा छिद्रात नेतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत. आत ट्रायजेमिनल नसेची, म्हणजे चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या नसेची, मुळातलीच गाठ; ट्यूमर नव्हे. दुसरा उपाय कानामागे कवटी उघडायचा: नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. तो जास्त टिकतो म्हणे, पण माझ्या हृदयाचे रिपोर्ट बघून डॉक्टरच नको म्हणाले.

सुई जागेवर गेल्यावर त्यांनी मला जागं केलं. बारीक करंट सोडला.

"काकू, मुंग्या कुठं येतायत?"

"हनुवटीत."

"कळ तिथंच येते?"

"नाही हो, वर. नाकपुडीच्या कडेला, वरच्या ओठात."

सुई किंचित सरकली. पुन्हा करंट.

"हं, हीच जागा."

मग परत झोपवलं आणि कळ नेणारे नसेतले धागे मरावेत म्हणून सुईचं टोक साधारण 70 अंशांपर्यंत तापवलं, एक मिनिटभर. ते मला कळलंच नाही.

हीच जागा मी बोट ठेवून किती जणांना दाखवली! एका दातवाल्यानं दोन धडधाकट दाढा काढल्या, कळ होती तिथंच. घरात "टेन्शन घेतेस" ऐकलं. कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी बरं वाटलं, पण डोस वाढला तशी भिंत धरून चालायची वेळ आली, रक्तातलं सोडियम उतरलं. आणि काल ऑपरेशनच्या टेबलावर, अर्धवट गुंगीत, कुणीतरी मला विचारून सुई हलवली.

आता गाल बधिर आहे, दाढ काढताना असतो तसा. सकाळी चहा ओठावरून ओघळला, मला पत्ताच नाही. ह्यांनी मुकाट्यानं नॅपकिन पुढं केला. गोळ्या एकदम नाही, हळूहळू कमी करायच्यात. काही वर्षांनी दुखणं परतलं तर पुन्हा सुई.

पंखा तीनवर ठेवलाय. हे चादर डोक्यावर ओढून कुरकुरतायत.