वेबिल जुळलं, भरणा जुळेना

शेअर विकून आलेल्या पैशांचा हिशोब १८ रुपये ८८ पैशांनी कमी येत होता.

रक्कम ऐकून हसाल. पण मी एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो. आधी कराड–पाटण, मग कराड–चिपळूण, शेवटची सहा वर्षं कराड–स्वारगेट. डेपोत भरणा करताना दोन रुपये कमी पडले तरी ते आपल्याच खिशातून घालायचे. वाटेत तपासणी पथकाने गाडी थांबवून पैसे मोजले आणि वेबिलापेक्षा (म्हणजे विकलेल्या तिकिटांची नोंद असलेल्या कागदापेक्षा) जास्त निघाले, तर त्याचाही जाब द्यायचा. ही सवय निवृत्तीचा नारळ मिळाला म्हणून सुटत नाही.

तर झालं असं. आयुष्यातला माझा दुसराच सौदा. एका कंपनीचे पाच शेअर ४१० ला घेतले, नऊ दिवसांनी ४१६ ला विकले. नफा तीस रुपये. रात्री ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट आली. ती पॅन नंबर टाकल्यावर उघडते, हे समजायलाच मला अर्धा तास लागला. पण उघडल्यावर जीव निवला, कारण ते चक्क वेबिल होतं! कितीला घेतलं, कितीला दिलं, कुठला कर किती, सगळं ओळीने. दलाली शून्य. एसटीटी, म्हणजे शेअरांच्या सौद्यावरचा सरकारी कर, घेताना दोन रुपये, विकताना दोन रुपये (शेकडा दहा पैसे, दोन्ही बाजूंना). मुद्रांक शुल्क फक्त घेताना, ते ३१ पैसे. बाकी एक्स्चेंजचे, सेबीचे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था), जीएसटीचे मिळून काही पैसे. म्हणजे हातात पंचवीस-साडेपंचवीस रुपये पडायला हवेत. ज्या ॲपवरून सौदा केला, त्यात मात्र पावणेसातसुद्धा दिसेनात.

दोन दिवस मी वही घेऊन बसलो. सौ. म्हणाली, "अहो, एकोणीस रुपयांसाठी दोन दिवस? दूध आणा आधी." दूध आणलं आणि येऊन कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी बिचारी गोड बोलली. "सर, वो डीपी चार्ज है. नोट में नहीं आता, लेजर में आता है."

लेजर म्हणजे ॲपमधली आपली पैशांची खातेवही. म्हणजे वेबिल एक आणि गल्ला दुसराच.

डीमॅट खात्यातून, म्हणजे आपले शेअर जिथे जमा असतात त्या खात्यातून, शेअर बाहेर काढायचे हे पैसे. माझ्या ॲपचा दर १६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पाच शेअर विका नाहीतर पाचशे, एका कंपनीचे एका दिवशी विकले की एकदाच लागतो. घेताना लागत नाही. मोठ्या माणसाला हा आकडा दिसतही नाही, पण माझ्यासारखा पाच-पाच शेअरचा उतारू असेल तर निम्म्याहून जास्त नफा तिथेच उतरतो. ‘शून्य दलाली’ ही पाटी खोटी नव्हती हो. दलाली शून्यच होती.

हे ॲप मी निवडलं कसं, तर निवडलंच नव्हतं. भाच्याने व्हॉट्सॲपवर लिंक टाकली, "मामा, यावरून उघडा, सोपं आहे," म्हणाला. सोपं होतंच. आधार, पॅन, कोऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो, कॅमेऱ्यासमोर चेहरा, झालं. पुढच्या महिन्यात जावयांनी दुसरं ॲप सांगितलं, जावयांचा मान म्हणून तेही उघडलं. दोन खाती, दोन डीमॅट, आणि शेअर एकूण अकरा.

हा मूर्खपणा कितीला पडला ते नंतर समजलं. डीमॅटचा एक साधा प्रकार असतो, बीएसडीए. आतल्या शेअरांची किंमत चार लाखांपर्यंत असेल तर वर्षाचा देखभाल खर्च शून्य, चार ते दहा लाखांपर्यंत शंभर रुपये. सप्टेंबर २०२४ पासून हा नियम आहे. अट एकच, पहिला खातेदार म्हणून तुमच्या नावावर देशभरात एकच डीमॅट हवं. दुसरं उघडलं की सवलत गेली. नव्या माणसाला सगळे सांगतात, दोन-तीन ॲप वापरून बघ, आवडेल ते ठेव. ही काय मिठाई आहे चव बघायला?

दुसऱ्या ॲपने तर पहिल्याच आठवड्यात हिसका दाखवला. २४८ रुपयांचे वीस शेअर घेतले, जेवलो, जरा आडवा झालो. उठून बघतो तर शेअर गायब! घेण्याच्या पडद्यावर वरती बारीक अक्षरात दोन पर्याय होते, इंट्राडे आणि डिलिव्हरी. आणि खूण आधीपासूनच इंट्राडेवर होती. म्हणजे आज घेतलेलं आजच विकायचं. आपण नाही विकलं तर बाजार साडेतीनला बंद व्हायच्या आत, तीन-वीसच्या सुमारास, ॲप आपणहून विकून टाकतं. गेले ते २४५.५० ला. पन्नास रुपये तिथे गेले, आणि ‘तुमच्या वतीने विकल्याबद्दल’ पन्नास अधिक जीएसटी, ५९ रुपये वेगळे. झोपलेल्या प्रवाशाला मधल्या थांब्यावर उतरवून वर त्याच्याकडूनच उतरवणावळ घ्यायची, असला प्रकार.

त्या ॲपवर दिवसाला सात-आठ घंट्याही वाजायच्या. हा शेअर उसळला, तो पडला, एफ अँड ओ (वायद्याचे सौदे) चालू करा. ते एफ अँड ओ मी खातं उघडतानाच नको म्हटलं होतं. सेबीनेच २०२४ मध्ये हिशोब छापलाय की तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोक त्यात उतरले आणि शंभरातले ९३ तोट्यात गेले, सरासरी माणशी दोन लाख. तरी घंटी वाजतेच. मला वाटतं, जे ॲप आपल्याला सारखं उठवून बसवतं, त्याचं पोट आपल्या ये-जा करण्यावर आहे, आपल्या मुक्कामावर नाही.

माझा भाचा झिरोधा बरं की ग्रो बरं, अपस्टॉक्स की एंजल वन, यावर तासभर बोलू शकतो. मी हल्ली एवढंच विचारतो की लेजर किती बोटांत सापडतं? माझ्या पहिल्या ॲपमध्ये तीन टिचक्यांत सापडलं. दुसऱ्यात मला ते सापडायला आठवडा गेला, शेवटी फोनवर विचारावं लागलं. त्यातच माझा निकाल लागला.

ॲप बंद पडलं तर शेअर बुडतील का, ही भीती मलाही होती. शेअर ॲपमध्ये नसतातच. ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीत, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेत, आपल्या नावावर असतात. आज घेतले की पुढच्या कामाच्या दिवशी तिथे जमा होतात. कुंभार्ली घाटात गाडी बिघडली म्हणून आम्ही प्रवाशाचं तिकीट बाद करत नव्हतो, मागून येणाऱ्या गाडीत त्याच तिकिटावर बसवून द्यायचो. तसंच हे. तरीपण डोळा ठेवावा. ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याच्या प्रकरणात सेबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये कार्वीला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली होती, तोही नावाजलेलाच ब्रोकर. म्हणून सीडीएसएलचा मेसेज आला की मी वाचतो, पुसून टाकत नाही.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेलं ॲप तर उघडूच नका. आमच्या डेपोतल्या एका चालकाने तसं उतरवून घेतलं, पडद्यावर पैसे दुप्पट झालेले दिसले, काढायला गेला तर ‘आधी कर भरा’. साठ हजार गेले. ब्रोकरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. आणि पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यावर मागितले, तर तिथेच उतरायचं.

दुसरं खातं मी मागच्या महिन्यात बंद केलं. बंद करायला पैसे लागत नाहीत, पण देखभाल खर्चाची थकबाकी होती, ८८ रुपये ५० पैसे, ती आधी भरावी लागली. उरलेले सहा शेअर पहिल्या डीमॅटमध्ये वळवून घेतले. का सोडताय म्हणून त्यांनी पाच पर्याय दिले होते, त्यात माझं कारण नव्हतं. ‘इतर’ वर बोट ठेवलं.

आता डीमॅट एकच उरलंय. पुढच्या बिलात देखभाल खर्चापुढे शून्य दिसायला हवं. तारीख वहीत लिहून ठेवली आहे.